कोर्ट सांभाळून बारची परीक्षा: शंभर मार्क, शंभर तास

बारच्या परीक्षेचा, म्हणजे कायद्याच्या पदवीनंतर वकिलीसाठी द्याव्या लागणाऱ्या अखिल भारतीय बार परीक्षेचा, फॉर्म सुटला की बार रूममध्ये पहिला सल्ला मिळतो तो असा: "पुस्तक उघडून लिहायची परीक्षा, त्याला काय अभ्यास करायचा?" सल्ला देणारा खोटं बोलत नाही, फक्त त्याची परीक्षा जुनी. तेव्हा गाइड, नोट्स, सगळं आत नेता यायचं आणि पास व्हायला ४० मार्क पुरायचे. आता टिपा नसलेला कोरा बेअर ॲक्ट, म्हणजे कायद्याचा नुसता मूळ मजकूर, तेवढा चालतो. खुल्या आणि ओबीसी गटाला ४५ टक्के, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग उमेदवारांना ४० टक्के लागतात. १०० प्रश्न, साडेतीन तास, चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत. पेपर अवघड नाही, पण एकोणीस विषयांवर पसरलेला आहे. नापास होणारे बहुतेक जण विषय न कळल्यामुळे नव्हे, तर एकाच विषयात आठवडे घालवल्यामुळे होतात.

म्हणून आधी तास मोजा. कोल्हापुरात कसबा बावड्याच्या जिल्हा न्यायालयात जाणाऱ्या ज्युनिअरचा दिवस सकाळी साडेदहाला सुरू होतो. पाचनंतर सीनियरच्या ऑफिसात ड्राफ्टिंग, अशील, उद्याचं बोर्ड, म्हणजे उद्याच्या प्रकरणांची यादी. राजारामपुरीतनं सुटून घरी पोचेपर्यंत नऊ वाजतात, इचलकरंजी किंवा कागलचा असेल तर त्याहून उशीर. रात्री साडेनऊ ते साडेअकरा असा अभ्यास वहीत लिहिला जातो, होत मात्र नाही. खरी वेळ पहाटेची, साडेपाच ते साडेसात. सोमवार ते शनिवार रोज दोन तास, रविवारी पाच, म्हणजे आठवड्याला १७ आणि आठ आठवड्यांत १३६ तास.

त्यातला चौथा हिस्सा आताच वजा करा. घरचं लग्न, गावची जत्रा, रात्री उशिरा आलेली रिमांडची धावपळ, ताप, या गोष्टी येणारच. २०२४ ची परीक्षा २२ डिसेंबरला झाली, २०२५ ची ३० नोव्हेंबरला. या दुसऱ्या तारखेपासून आठ आठवडे मागं मोजलं तर अख्खी दिवाळी मधे येते. कॅलेंडर भिंतीवरून काढून पुढ्यात घ्या आणि जे दिवस जाणारच आहेत त्यांवर आधी काट मारा. भाऊबीजेला दोन तास वाचीन, असं स्वतःला सांगू नका. उलट दिवाळीच्या सुट्टीत कोर्ट बंद असतं. सणाचे दिवस सोडून उरलेल्या दोन-तीन सकाळी चार-चार तासांच्या होऊ शकतात.

वजाबाकी करून हातात साधारण १०० तास उरतात. पेपरही १०० मार्कांचा, त्यामुळे हिशेब सोपा होतो: सुरुवातीला प्रत्येक मार्काला एक तास द्या, मग जिथं गरज आहे तिथं हलवा.

मार्क असे बसलेत. राज्यघटना १०, दिवाणी प्रक्रिया संहिता १०, फौजदारी प्रक्रिया १०, फौजदारी कायदा ८, पुरावा ८. या पाचांतच ४६ झाले. कौटुंबिक कायदा ८. करार, विनिर्दिष्ट अनुतोष, मालमत्ता हस्तांतरण आणि चेकचा कायदा मिळून ८. अपकृत्य (टॉर्ट), मोटार वाहन आणि ग्राहक संरक्षण मिळून ५. लवाद ४, जनहित याचिका ४, व्यावसायिक नीतिमत्ता ४, कामगार ४, कर ४, प्रशासकीय कायदा ३. कंपनी, पर्यावरण, सायबर, भूसंपादन आणि बौद्धिक संपदा प्रत्येकी २.

आता हलवाहलव. कामगार, कर आणि २-२ मार्कांचे पाच विषय मिळून १८ मार्क होतात. त्यांना १८ तास देऊ नका, ८ द्या. इथं कलमावर बोट ठेवून उत्तर मिळतं. कायद्याची रचना आणि अनुक्रमणिका ओळखीची असली की काम भागतं. मात्र कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या आणि नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून, तेव्हा अभ्यासक्रमात कुठला कायदा छापलाय ते बघून मगच पुस्तक घ्या. उरलेले १० तास साडेतीन-साडेतीन तासांच्या तीन पूर्ण पेपरांना जातील.

याच्या नेमका उलटा प्रकार जनहित याचिका आणि प्रशासकीय कायद्याचा. मार्क सातच, पण यांना बेअर ॲक्टच नाही. अपकृत्याचा बराच भाग आणि मुस्लीम कायद्याचा मोठा हिस्साही तसाच. हॉलमध्ये उघडायला काही नसतं, तेव्हा डोक्यात असेल तेवढंच. या विषयांचा एक तासही कापू नका आणि ते पहाटेच्या पहिल्या तासात ठेवा. फौजदारीची कलमं पेंगतही शोधता येतात, पण नैसर्गिक न्यायाची तत्त्वं पेंगत डोक्यात शिरत नाहीत.

क्रम असा लावा. पहिले दोन आठवडे घटना, दिवाणी प्रक्रिया आणि नीतिमत्ता. तिसरा-चौथा पूर्ण फौजदारी. पाचव्यात कौटुंबिक आणि कराराच्या गटाचा अर्धा भाग. सहाव्यात उरलेला अर्धा, अपकृत्य आणि लवाद. सातव्यात पुस्तक नसलेले दोन आणि किरकोळ सगळे. पूर्ण पेपर चौथ्या, सहाव्या आणि सातव्या रविवारी. त्या दिवशी राहिलेला भाग पुढच्या आठवड्यात सरकतो आणि सरकत आलेलं शेवटी आठव्यात मुरतं. तिन्ही पेपर शेवटच्या आठवड्यासाठी राखून ठेवले तर दोष कळतो, पण दुरुस्त करायला वेळ उरत नाही.

नीतिमत्ता इतकी लवकर का? कारण तिथले ४ मार्क जवळजवळ हातचे आहेत. अधिवक्ता अधिनियम १९६१ ची शिडी पाठ करा: कलम ३५ खाली राज्य बार कौन्सिलची शिस्तपालन समिती, तिच्या आदेशावर कलम ३७ खाली बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे अपील, त्यावर कलम ३८ खाली सर्वोच्च न्यायालयात, दोन्ही अपिलांना मुदत ६० दिवस. सोबत कलम २४, ३० आणि ४९. दोन सकाळींत विषय संपतो आणि आपण काहीतरी पूर्ण केलं असा धीर येतो.

फौजदारीच्या २६ तासांतले ६ तास निव्वळ जुन्या-नव्या कलमांच्या तक्त्याला द्या. सगळ्यात जास्त मार्क इथंच सांडतात, आणि गंमत म्हणजे कोर्टात रोज जाणाऱ्याचेच जास्त. १ जुलै २०२४ पासून दंड संहिता, फौजदारी प्रक्रिया आणि पुरावा या तिन्हींच्या जागी नवे कायदे आले; पण त्याआधीच्या गुन्ह्यांना जुनी दंड संहिताच लागते, त्यामुळे बोर्डावर ३०२, ३०७, ४२० दिसतच राहतात. कान आणि डोळे जुन्या आकड्यांना सरावलेले, पेपरात मात्र दोन्ही येतात.

नुसता आकडा बदलला असता तर ठीक होतं. त्रास होतो तो तोच आकडा नव्या कायद्यात भलतीकडे गेल्यामुळे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं ४८२ म्हणजे उच्च न्यायालयाचे अंगभूत अधिकार, गुन्हा रद्द करून घ्यायचा अर्ज. तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं ४८२ म्हणजे अटकपूर्व जामीन, जो आधी ४३८ होता. अंगभूत अधिकार ५२८ वर गेले. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सहा जिल्ह्यांसाठीचं सर्किट बेंच कोल्हापुरातच बसू लागल्यानं हे अर्ज इथल्या ज्युनिअरच्या रोजच्या बोलण्यात आलेत, म्हणून गोंधळही रोजचा. तसंच १४४. "१४४ लागू" म्हटलं की जमावबंदी आठवते; नव्या संहितेत जमावबंदी १६३ मध्ये आहे आणि १४४ मध्ये बायको-मुलांची पोटगी, म्हणजे जुनं १२५. खुनाच्या शिक्षेचं जुनं ३०२ आता भारतीय न्याय संहितेच्या, म्हणजे नव्या दंड संहितेच्या, १०३ मध्ये. न्याय संहितेचं ३०२ धार्मिक भावना दुखावणाऱ्या शब्दांबद्दल आहे.

तक्ता तयार विकत घेऊ नका, हातानं लिहा. तीन रकाने: जुनं कलम, नवं कलम, आणि जुना आकडा नव्यात कशाला लागतो. तिसरा रकाना तयार तक्त्यांत सहसा नसतो आणि खरी फजिती तिथंच होते. ४० ओळी पुरतात. काही ठिकाणी एकाचे दोन झालेत, काही ठिकाणी दोनाचं एक, तेही टिपा: ४९८-अ फुटून शिक्षा ८५ मध्ये आणि क्रूरतेचा अर्थ ८६ मध्ये गेला, तर चोरीची व्याख्या आणि शिक्षा ३०३ मध्ये एकत्र आली. पुराव्यात इलेक्ट्रॉनिक नोंदींसाठीचं ६५-ब चं प्रमाणपत्र आता ६३ मध्ये.

दोन तासांची सकाळ अशी वापरा. पहिली दहा मिनिटं काल वाचलेलं पुस्तक न उघडता कागदावर. मग ५० मिनिटं बेअर ॲक्ट. गाइड नंतर, अडलं तरच. पाच मिनिटं चहा. ४० मिनिटांत २० प्रश्न घड्याळ लावून. उरलेल्या पंधरा मिनिटांत चुकलेल्या प्रश्नांची कलमं पुस्तकात शोधा आणि प्रत्येक चुकीपुढं कारण लिहा: माहीत नव्हतं, सापडलं नाही, की प्रश्न नीट वाचला नाही. तिन्हींचे इलाज वेगळे आहेत. "सापडलं नाही" जास्त येत असेल तर वाचन वाढवून काही होणार नाही, शोधायचा सराव वाढवा.

तो सराव म्हणजे दुसऱ्यानं विषय सांगायचा आणि तुम्ही ४० सेकंदांत पान काढायचं. प्राङ्न्याय? दिवाणी प्रक्रिया, कलम ११. दावापत्र नामंजूर? आदेश ७ नियम ११. तात्पुरती मनाई? आदेश ३९. दिवाणी प्रक्रियेत नवखे अडतात ते इथंच: कलमं पुढं आणि आदेश मागच्या पहिल्या अनुसूचीत, हे हाताला माहीत नसतं. घरी कुणी नसेल तर विषयांच्या चिठ्ठ्या करून डब्यातून काढा. परीक्षेला नेणार तीच प्रत सरावाला घ्या. पान कुठं उघडतं हे बोटांना कळतं, नव्या कोऱ्या प्रतीत ते हरवतं. त्या प्रतीत समासात काही लिहू नका, चिठ्ठ्याही चिकटवू नका; दारावर वाद घालण्यात तुमचीच मिनिटं जातात.

माध्यम फॉर्म भरतानाच ठरतं. कॉलेज मराठीतून झालं असेल आणि दखलपात्र, आपसात मिटवण्याजोगा हे शब्द डोळ्याला सवयीचे असतील तर मराठी घ्या. पण वाचन इंग्रजी बेअर ॲक्टवर आणि पेपर मराठीत, अशी सरमिसळ केलीत तर प्रत्येक प्रश्नाला मनात भाषांतर करत बसाल.

पेपरात २१० मिनिटं आहेत. पहिल्या ९० मिनिटांत पुस्तक न उघडता शंभरही प्रश्नांवरून जा, खात्रीचे सोडवा, शंकेचे प्रश्नपत्रिकेवर खूण करून ठेवा. पुढची ७५ पुस्तकाची. एका प्रश्नाला दोन मिनिटं, मिळालं नाही तर सोडा. एका हट्टी प्रश्नापायी दहा मिनिटं घालवणं म्हणजे पाच सोपे प्रश्न फुकट देणं. १०-१० प्रश्नांनी उत्तरपत्रिकेवरचे गोल भरत चला. शेवटी भरीन म्हणणाऱ्याचा एक गोल सरकला की खालचे सगळे सरकतात. उरलेल्या ४५ मिनिटांत रिकामे गोल भरा, एकही कोरा नको. शेवटी बैठक क्रमांक आणि प्रश्नपत्रिकेच्या संचाचं अक्षर पुन्हा जुळवा. संच चुकला तर उत्तरं दुसऱ्याच यादीशी ताडली जातात.

केंद्र पुण्याला आलं तर शनिवारी दुपारीच निघा. सव्वादोनशे किलोमीटर म्हणजे हिशेबानं पाच तास, पण हायवेचं काम चालू असलं की तो हिशेब लागत नाही. पिशवीत पाच जाड बेअर ॲक्ट असतात, म्हणून चाकांची बॅग बरी. आदल्या रात्री नवं काही वाचू नका. तो हातानं लिहिलेला तक्ता एकदा, तिसरा रकाना दोनदा.