फळमाशीवर मेंदूच्या ऱ्हासाचा अभ्यास: या चुका टाळा

हंटिंग्टन या मेंदूच्या आजाराचं जनुक घातलेल्या माशीचा खडबडीत डोळा नव्या जनुकामुळे गुळगुळीत दिसला, की नवखे लगेच पोस्टर करायला घेतात. त्याआधी सांगा, दुसऱ्या यूएएसचा (जनुकाआधी जोडलेल्या डीएनए-स्विचचा) कंट्रोल, म्हणजे तुलनेची माशी, लावलात का?

ब्रँड आणि पेरीमन यांच्या १९९३ च्या पद्धतीत गॅल४ हे प्रथिन यूएएसला चिकटून पुढचं जनुक चालू करतं. माशीत यूएएस दोन झाले की तेवढंच गॅल४ दोघांत वाटलं जातं. रोगाचं प्रथिन कमी बनतं आणि डोळा सुधारतो. तुमच्या जनुकाने काही केलेलं नसतंच. आमच्याकडच्या एका विद्यार्थ्याने असा ‘तारणहार’ शोधून त्यावर अख्खं सेमिस्टर घातलं. शेवटी त्या जनुकाच्या जागी नुसतं यूएएस-जीएफपी (जीएफपी म्हणजे रोगाशी संबंध नसलेलं चमकतं प्रथिन) घातलं, तर डोळे तितकेच सुधारले! वेस्टर्न ब्लॉटवर (प्रथिन किती आहे ते दाखवणाऱ्या चाचणीत) हंटिंग्टिनचा, म्हणजे रोगाच्या प्रथिनाचा, पट्टाही तसाच फिका आला. हा कंट्रोल पहिल्याच दिवशी लावला असता तर पोराची मेहनत वाचली असती. मी यूएएस-जीएफपीचा क्रॉस त्याच दिवशी, त्याच ट्रेमध्ये लावते. ‘नंतर करू’ मला चालत नाही.

खरा बचाव असतोच. १९९९ मध्ये एचएसपी७० ने (प्रथिनांची घडी सांभाळणाऱ्या प्रथिनाने) पॉलिग्लुटामिनमुळे (हंटिंग्टिनसारख्या प्रथिनांतल्या ग्लुटामिनच्या लांब साखळीमुळे) होणारा माशीतला ऱ्हास रोखला, आणि तोही प्रथिनांचे गोळे तसेच असताना. म्हणून नुसते गोळे मोजून निकाल देऊ नका.

तापमानाची हयगय तर रोजची. २९ अंशांवर गॅल४ जोरात चालतं, १८ वर मंदावतं. घाई म्हणून व्हायल २९ वर ठेवता, पण तिथे एकटं जीएमआर-गॅल४ (डोळ्यात गॅल४ बनवणारा ड्रायव्हर) सुद्धा डोळा खडबडीत करतं. रोगाच्या जनुकाशिवायची जीएमआर माशी शेजारी नसेल, तर तो फोटो मी बघतही नाही.

सी१५५ हा एलाव्ह ड्रायव्हर (चेतापेशींत गॅल४ बनवणारा) एक्स गुणसूत्रावर आहे, म्हणून नर आणि माद्यांत गॅल४ सारखं नसतं. नर-माद्या एकत्र मोजू नका.

माश्या बेशुद्ध करायला कार्बन डायऑक्साइड दिल्यावर चढण्याची चाचणी (माश्या नळीत किती वर चढतात ते) लगेच नको, एक दिवस जाऊ द्या.

सगळ्यांची जनुकीय पार्श्वभूमी सारखी व्हावी म्हणून स्टॉक डब्ल्यू१११८ या प्रमाण वाणाशी पाच-सहा पिढ्या बॅकक्रॉस करा, म्हणजे पुन्हापुन्हा त्याच वाणाशी संकर करा. कंटाळवाणं आहे, पण आयुर्मानाच्या प्रयोगात पार्श्वभूमीचाच फरक रोगाचा म्हणून छापला जातो.

आयुर्मानासाठी खाद्य दर दोन-तीन दिवसांनी बदला. खाद्यात चिकटून मेलेली माशी म्हाताऱ्यांच्या मृत्यूंत धरू नका, वेगळी नोंदवा.