दिव्याचा उजेड घरच्या घरी कसा मोजावा: तेलाचा डाग, मोजपट्टी आणि मोबाइल

विजेच्या सामानाच्या दुकानात बल्ब मागितला की अजूनही पहिला प्रश्न येतो, ‘कितीचा देऊ?’ आणि आपण उत्तर वॅटमध्ये देतो. वॅटवरून दिवा वीज किती खातो ते कळतं, उजेड किती पाडतो ते नाही. तारेचे पिवळे बल्ब होते तोवर हे खपून जायचं, कारण सगळे सारखेच उधळे होते. ६०चा बल्ब म्हटला की साधारण ७०० ल्यूमेन हे ठरलेलंच. आज तेवढा उजेड आठ-नऊ वॅटचा एलईडी देतो, आणि नऊ वॅटचेच दोन एलईडी शेजारी लावले तर दोघांत चांगलाच फरक निघू शकतो. रात्री लावायचा तो ‘झीरोचा बल्ब’ तर नावालाच शून्य होता. बारा-पंधरा वॅट तोही खायचा.

मोजायला लागण्याआधी तीन एककं वेगळी ठेवा, नाहीतर पुढची आकडेमोड गडबडते. दिव्यातून सगळ्या दिशांना मिळून जितका प्रकाश बाहेर पडतो तो ल्यूमेनमध्ये मोजतात. खोक्यावर छापतात तो हाच आकडा. एका ठराविक दिशेला प्रकाश किती जोरकस आहे ते कँडेलामध्ये. आणि तो प्रकाश टेबलावर, वहीवर पडला की तिथे एका चौरस मीटरला किती ल्यूमेन आले ते लक्समध्ये. भर उन्हात लाखभर लक्स असतात, नीट उजळलेल्या ऑफिसच्या टेबलावर तीनशे ते पाचशे, आणि पौर्णिमेच्या चांदण्यात एक लक्सही भरत नाही. तरी तिन्ही ठिकाणी आपल्याला दिसतं, कारण डोळा स्वतःला जुळवून घेतो. म्हणूनच ‘हा दिवा त्याच्या दुप्पट आहे’ असं नुसतं बघून सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. डोळ्याला ‘किती’ सांगता येत नाही. पण शेजारी-शेजारी ठेवलेल्या दोन पृष्ठभागांवर उजेड सारखा आहे की नाही, हे तो फार बारकाईने ओळखतो. प्रकाशमापनाचं जुनं शास्त्र याच एका गोष्टीवर उभं राहिलं. फ्रान्समध्ये पिएर बूगे यांनी अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात हेच केलं: दोन दिव्यांचा उजेड सारखा दिसेपर्यंत अंतर बदलायचं आणि मग अंतरं मोजायची.

अंतर का, तर दिव्यापासून दुप्पट लांब गेलं की उजेड निम्मा नाही, चौथाई होतो; तिप्पट लांब गेलं की नववा हिस्सा. तोच प्रकाश अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात मोठ्या जागेवर पसरतो. हा नियम दिवा लहान आणि अंतर मोठं असेल तेव्हाच नीट लागू पडतो. दिव्याच्या सर्वांत मोठ्या मापाच्या निदान पाचपट अंतर ठेवा. साध्या बल्बला ७० सेंटीमीटर पुरतात, चार फुटी ट्यूबलाइटला मात्र घरातली खोली अपुरी पडते. तिच्या नादी लागू नका.

पायरी १: डागाचा कागद

भजी बांधून आणलेल्या कागदावर तेलाचा डाग पडतो तो आठवा. कागद टेबलावर असताना डाग काळपट दिसतो, खिडकीसमोर धरला की तोच उजळ दिसतो. तेल मुरलेल्या जागी कागद प्रकाश कमी परतवतो आणि आरपार जास्त जाऊ देतो. आता कागदाच्या दोन्ही बाजूंना सारखाच उजेड असेल, तर डागातून जितका पलीकडे गेला जवळपास तितकाच पलीकडून अलीकडे आला, आणि डाग दिसेनासा होतो. जर्मनीतल्या रॉबर्ट बुन्सेन यांनी १८४०च्या दशकात याचंच मोजमापाचं साधन केलं. प्रयोगशाळेतला बुन्सेन बर्नर त्यांच्याच नावाचा.

झेरॉक्सच्या कोऱ्या कागदाचा तळहाताएवढा तुकडा कापा. मधोमध गोडेतेलाचा एक थेंब टाका, तो रुपयाएवढा पसरला की वरचं तेल टिपून घ्या आणि तासभर वाळू द्या. खोबरेल वापरू नका, थंडीत ते थिजतं आणि डागाचा पारदर्शकपणा बदलतो. कागद पुठ्ठ्याच्या चौकटीत ताणून चिकटवा आणि ठोकळ्यावर उभा करा. दोन्ही बाजू एकदम दिसाव्यात म्हणून मागे दोन छोटे आरसे तिरके ठेवले तर उत्तम. थोडा प्रकाश कागदात मुरतो, त्यामुळे डाग दोन्हीकडून एकाच क्षणी पूर्ण पुसला जात नाही. आरशांत बघून दोन्ही बाजूंचा डाग सारखाच फिका दिसेल ती जागा शोधायची.

पायरी २: खोली आणि मांडणी

इथे घाई केली की पुढचं सगळं फुकट जातं. पांढऱ्या भिंती, पांढरं छत, चकचकीत फरशी हे सगळे चोरदिवेच आहेत. बल्बचा प्रकाश त्यांच्यावरून उसळून कागदावर येतो आणि वर्गाचा नियम बिघडवतो. रात्री करा, पडदे ओढा, टेबलावर गडद चादर अंथरा, दोन्ही दिव्यांच्या मागे काळं कापड टांगा. कागद आणि दिवा यांच्यामध्ये पुठ्ठ्याला खिडकी कापून उभा केला तर आडवातिडवा प्रकाश आणखी कमी होतो.

दोन होल्डर समोरासमोर, बरोबर २०० सेंटीमीटरवर लावा. दोन्ही बल्ब आणि डाग एकाच उंचीवर, एका रेषेत. बल्बांची तोंडं एकमेकांकडे. वायरचे जोड उघडे ठेवू नका, आणि बल्ब बदलताना बटण नव्हे, प्लग काढा. दिवे लावून वीस मिनिटं थांबा. एलईडी गार असताना जास्त उजेड देतो आणि तापला की थोडा उतरतो; प्रयोगशाळेतही आकडा स्थिर झाल्याशिवाय कुणी नोंद करत नाही.

पायरी ३: तुलना कशाशी?

एक दिवा माहितीतला हवा. हा प्रश्न फार जुना आहे. लंडनमध्ये १८६०च्या गॅस कायद्याने ठरवलं की देवमाशाच्या चरबीची, एक षष्ठांश पौंड वजनाची आणि तासाला १२० ग्रेन (सुमारे आठ ग्रॅम) जळणारी मेणबत्ती म्हणजे एक ‘कँडल’. जर्मनांनी मेणबत्ती सोडून हेफ्नर यांचा ४० मिलिमीटर ज्योतीचा दिवा घेतला. पुढे १९४८मध्ये गोठणाऱ्या प्लॅटिनमच्या तेजावर कँडेला बेतला गेला. १९७९पासून तर ज्योतही नाही आणि धातूही नाही: ५४० लाख कोटी हर्ट्झ वारंवारतेच्या हिरव्या प्रकाशाच्या एका वॅटला ६८३ ल्यूमेन, असं ठरवून टाकलं. हिरवाच का, तर भरपूर उजेडात आपला डोळा त्याच रंगाला सर्वांत जास्त दाद देतो. भारतातलं हे प्रमाण दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेकडे असतं.

आपल्याला इतकं खोलात जायचं नाही. नामांकित कंपनीचा, खोक्यावर ल्यूमेन छापलेला नवा एलईडी संदर्भ म्हणून घ्या आणि तो फक्त याच कामासाठी ठेवा. साधी मेणबत्तीही चालते, ती ढोबळमानाने एक कँडेला देते. पण पंखा बंद करूनही ज्योत हलतेच, आणि बल्बसमोर ती इतकी दुबळी पडते की कागद तिच्या अंगावर न्यावा लागतो.

पायरी ४: डाग पुसा, अंतर मोजा

कागद संदर्भ दिव्याकडून हळूहळू दुसऱ्याकडे सरकवा. डाग दोन्हीकडून सारखाच फिका झाला की खूण करा. आता उलट बाजूने या आणि पुन्हा खूण करा. दोन्ही खुणा क्वचितच एका जागी येतात. मधली जागा घ्या. मग कागद फिरवून उलटी बाजू पुढे करा आणि तेच पुन्हा. कागदाची एक बाजू किंचित खरखरीत असते, तो दोष असा कटतो.

समजा संदर्भ दिवा ८१० ल्यूमेनचा आहे, आणि डाग त्याच्यापासून ११० सेंटीमीटरवर, म्हणजे दुसऱ्यापासून ९० सेंटीमीटरवर पुसला गेला. दुसऱ्याची तीव्रता पहिल्याच्या (९० ÷ ११०)चा वर्ग, म्हणजे ०.६७ पट. दोन्ही बल्ब एकाच घडणीचे असतील तर दुसरा साधारण ५४० ल्यूमेनचा. कागद मध्यापासून फक्त १० सेंटीमीटर सरकला होता आणि उजेड एक तृतीयांशाने कमी निघाला! मध्याजवळ एका सेंटीमीटरची चूक म्हणजे उत्तरात चार टक्के, हे लक्षात ठेवून मोजपट्टी धरा.

एक दिवा पिवळा आणि दुसरा दुधी पांढरा असेल तर डाग पुसला जाणारच नाही. एका बाजूला तो पिवळसर, दुसऱ्या बाजूला निळसर दिसत राहील. अशा वेळी तो सर्वांत कमी खुपतो ती जागा घ्या आणि उत्तर अंदाजाचं आहे असं समजा.

कागदाचा व्याप नको असेल तर काउंट रमफर्ड यांची १७९०च्या दशकातली रीत आहे. पांढऱ्या भिंतीपुढे एक काठी उभी करा आणि दोन दिवे असे ठेवा की काठीच्या दोन सावल्या शेजारी पडतील. एका दिव्याच्या सावलीत दुसऱ्याचाच उजेड पोचतो, म्हणून सावल्या सारख्याच गडद झाल्या की भिंतीवर दोघांचा उजेड सारखा. अंतरं दिव्यापासून भिंतीपर्यंत मोजायची, हिशेब तोच. अर्ध्या मिनिटात मुलांनाही पटतो.

पायरी ५: मोबाइलने मोजायचं असेल तर

बहुतेक अँड्रॉइड मोबाइलमध्ये पडद्याच्या वरच्या कडेला उजेड ओळखणारा सेन्सर असतो आणि लक्स दाखवणारी ॲप त्याचाच आकडा वाचतात. आयफोनवर अशी ॲप साधारणपणे कॅमेऱ्यावरून अंदाज बांधतात. दोन मोबाइल एकाच जागी वेगवेगळे आकडे दाखवतील, त्यावरून वाद घालू नका. तुमचा मोबाइल कामाचा आहे का ते असं तपासा: बल्बपासून ५० सेंटीमीटरवर आकडा घ्या, मग एक मीटरवर. दुसरा पहिल्याच्या चौथाईच्या जवळ आला पाहिजे. खूप जास्त आला तर भिंतींचा प्रकाश मिसळतोय. मग सेन्सरवर जेमतेम सावली पडेल एवढा पुठ्ठा मधे धरून उरलेला आकडा पाहा आणि तो वजा करा. खऱ्या लक्समीटरलाही हे करावंच लागतं.

एक मीटरवर जितके लक्स, त्या दिशेला तितके कँडेला. बरेच लोक इथे हाच आकडा १२.५७ने (४π, म्हणजे पूर्ण गोलाचा गुणक) गुणून ल्यूमेन काढतात आणि फसतात. ती रीत सगळीकडे सारखा प्रकाश टाकणाऱ्या दिव्याची. एलईडी बल्बच्या पाठीमागे प्लास्टिकचं बूड असतं आणि प्रकाश पुढेच जास्त जातो. म्हणून बल्ब टेबलावर आडवा ठेवा, त्याच्याभोवती एक मीटर त्रिज्येच्या वर्तुळाची कल्पना करून खडूने कोन आखा आणि १५, ४५, ७५, १०५, १३५ आणि १६५ अंशांवर, बल्बच्याच उंचीला, सेन्सर बल्बकडे करून आकडे घ्या. शून्य अंश म्हणजे बल्बच्या नाकासमोर. हे सहा आकडे अनुक्रमे ०.८४, २.३०, ३.१४, ३.१४, २.३० आणि ०.८४ने गुणून बेरीज करा. प्रत्येक कोनाभोवतीच्या ३० अंशांच्या पट्ट्याच्या वाट्याला बल्बभोवतीच्या गोलाचा किती भाग येतो, ते हे गुणक सांगतात.

उदाहरणादाखल, आकडे ११०, १०५, ८५, ५५, २५ आणि ५ आले तर बेरीज ८३५ ल्यूमेन. समोरच्या ११०ला थेट १२.५७ने गुणलं असतं तर १३८० निघाले असते, म्हणजे दीडपटीहून जास्त. कंपन्या हेच काम फिरत्या यंत्रावर करतात, किंवा बल्ब आतून पांढऱ्या, खरखरीत पोकळ गोलात ठेवतात. तिथे प्रकाश इतक्यांदा उसळतो की भिंतीवर कुठेही मोजलं तरी एकूण प्रकाशाच्या प्रमाणातच आकडा मिळतो.

मिळालेल्या ल्यूमेनला वॅटने भागा. ८३५ भागिले ९ म्हणजे वॅटला ९३. खोक्यावरचा दावा याच्याशी ताडून बघा, पण दहा-पंधरा टक्क्यांच्या फरकासाठी दुकानदाराशी भांडायला जाऊ नका. मोबाइल एवढा काटेकोर नसतो.

टॉर्चसाठी वेगळा हिशेब

शेतावर, गडावर न्यायच्या टॉर्चचे नुसते ल्यूमेन बघून उपयोग नाही. तोच प्रकाश अरुंद झोतात कोंडला की लांब जातो, पसरला की पायाखाली उजेड पडतो. तिथे कँडेला मोजा, पण एक मीटरवर नव्हे. झोत नीट तयार व्हायला अंतर लागतं, म्हणून पाच मीटरवर झोताच्या मध्यात लक्स घ्या आणि २५ने गुणा. ४०० लक्स आले तर १०,००० कँडेला. पाकिटावरचा ‘पल्ला’ अमेरिकी मानकानुसार दिला असेल तर तो कँडेलाच्या वर्गमुळाच्या दुप्पट असतो, इथे २०० मीटर. पण तो पल्ला धरतात पाव लक्सपर्यंत, म्हणजे साधारण चांदण्याएवढा उजेड. दोनशे मीटरवर कोणीतरी उभं आहे एवढं कदाचित दिसेल. कोण आहे हे बघायचं तर पल्ल्याचा निम्मा आकडा धरा, तिथे उजेड चौपट असतो.