१५०० मीटर फ्रीस्टाइल: सरासरी वेळेवर विसंबू नका

फ्रीस्टाइल येतेय आणि आता ८००-१५०० मीटरमध्ये उतरायचंय, तर आधी आपला टिकाऊ वेग काढा. ४०० आणि २०० मीटर, दोन्ही जीव तोडून पोहा; मध्ये भरपूर विश्रांती. वेळांतला फरक काढून दोनने भागा. ४:४० आणि २:१४ असतील तर फरक १४६ सेकंद, म्हणजे १०० मीटरला १:१३.

खरा घोळ पुढेच आहे. सेट मिळतो: १५ वेळा १०० मीटर, १:१३ ने, दर १:३० ला पुढच्या शंभराला सुटायचं. अंग ताजं, शेजारच्या लेनमधला पुढे. पहिली काही शंभरं १:०९ ने जातात. शेवटची १:१७ वर घसरतात. वहीत सरासरी १:१३, सगळे खूश. सेट मात्र वाया! सुरुवात झेपेल त्याच्या वर झाली, उरलेला वेळ सावरण्यात गेला. १:१३ वर टिकून राहायचा सराव झालाच नाही. शर्यतीतही तेच होतं: पहिले २०० फुकटात गेल्यासारखे वाटतात आणि ७०० नंतर हात दगडासारखे होतात. टोकियो ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या बॉबी फिंकने ८०० आणि १५०० दोन्ही सुवर्णं शेवटच्या ५० मीटरमध्ये खेचली. तोवर हातात काही शिल्लक ठेवलं होतं म्हणूनच.

त्यामुळे सरासरी लिहूच नका, प्रत्येक शंभराची वेळ लिहा. सर्वांत वेगवान आणि सर्वांत संथ यांत दोन सेकंदांहून जास्त फरक पडला, तर पुढच्या वेळी एक सेकंद हळू पोहा. किती हात मारले तेही मोजा. ५० मीटरला ४० पडायचे ते ४५ झाले, तर वेळ जुळली तरी थांबा. कोपर खाली पडू लागलंय.

नुसते किलोमीटर विचारणारे कोच मला पटत नाहीत. काठावर उभा राहून हात मोजणारा भेटला तर सोडू नका. तळहाताला मोठी पॅडल्स (प्लॅस्टिकच्या पट्ट्या) लावून ताकद येते, हा तर निव्वळ आळशी समज. थकलेल्या खांद्याची त्यात वाट लागते.

टर्नकडे, म्हणजे भिंतीपाशी वळण्याकडे, दुर्लक्ष नको. ५० मीटरच्या पूलमध्ये २९ टर्न, प्रत्येकी ०.३ सेकंद गेला तरी जवळपास ९ सेकंद गेले. भिंत सोडल्यावर पहिल्याच हाताला श्वास घेऊ नका.

कित्येक आठवडे आकडे हलणार नाहीत. घाबरू नका, लांब पल्ल्यात असंच असतं. खांद्याचं दुखणं मात्र अंगावर काढू नका. हात अंगठ्याकडून पाण्यात शिरतोय का, डोक्यासमोरची मधली रेघ ओलांडतोय का, ते आधी बघा. दुखतंय तोवर पॅडल्स बंद, आणि किकचा, म्हणजे नुसत्या पायांचा, सराव बोर्ड न धरता, हात अंगालगत ठेवून. रात्री त्या कुशीवर झोपता येत नसेल, तर सरळ डॉक्टरकडे जा.