उभयचर माणसांची जमात रचताय? या चुका टाळा

बोटांमध्ये पडदे, बटबटीत डोळे, हिरवट कातडी आणि पाण्याखालचं एक शहर. कल्पनाकथेत किंवा खेळात उभयचर माणसांची जमात आली की तिचं वर्णन बहुतेक वेळा इथेच संपतं. पुढच्या पानापासून ही माणसं अंगभर कपडे घालतात, चुलीभोवती बसून गप्पा मारतात, समुद्रावर राज्य करतात आणि बाळाला मांडीवर घेऊन बारसं करतात. ती ओल्या कातडीची आहेत, हे वाचक विसरतो, कारण लेखकही विसरलेला असतो.

जगात उभयचरांच्या ८,०००हून जास्त प्रजाती आहेत. त्यांतल्या कित्येकींचं जगणं इतकं विलक्षण आहे की आपली कल्पना तिथवर सहसा पोचत नाही. म्हणून ही जमात रचताना आधी खरे बेडूक, सॅलमँडर (शेपटीचे, पालीसारखे दिसणारे उभयचर) आणि देवगांडूळ (बिनपायांचे, गांडुळासारखे उभयचर) यांच्याकडे नीट पाहावं, असं माझं ठाम मत आहे. त्यांच्याकडून दोनच गोष्टी घेतल्या, कातडी आणि बालपण, तरी कायदा, घर, धर्म, युद्ध हे सगळं त्यातूनच निघतं.

कातडीला पोशाख समजणे

ही पहिली चूक, आणि बाकीच्या बहुतेक चुका हिच्यातूनच येतात. उभयचरांची कातडी श्वास घेते. सॅलमँडरांच्या एका मोठ्या कुळाला फुप्फुसंच नाहीत. ते कातडीतून आणि तोंडाच्या ओल्या अस्तरातून प्राणवायू घेतात. बेडूक तोंडाने पाणीही पीत नाही, पोटाखालच्या आणि मांड्यांच्या पातळ कातडीतून तो ते शोषून घेतो. ही कातडी सुकली की श्वास कोंडतो.

इथे आकाराची अडचण येते. प्राण्याची लांबी दहापट केली तर कातडी शंभरपट होते, पण वजन हजारपट होतं. त्यामुळे माणसाएवढा बेडूक निव्वळ कातडीच्या जोरावर जगू शकणार नाही. चीनमधला राक्षसी सॅलमँडर १.८ मीटरपर्यंत वाढतो आणि बराचसा श्वास कातडीतूनच घेतो. पण तो थंड, वाहत्या डोंगरी पाण्यात राहतो, फार हालचाल करत नाही, आणि त्याच्या अंगाच्या दोन्ही बाजूंना कातडीच्या लोंबत्या घड्या असतात. टिटिकाका सरोवरातल्या बेडकाचीही अशीच सैल, घड्यांची कातडी असते. थंड पाण्याला महत्त्व आहे, कारण लिटरभर पाण्यात १० अंशांना सुमारे ११ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसातच. तुमची जमात तापलेल्या, साचलेल्या डबक्यात तळाशी बसून राज्य चालवत असेल तर तिला पुन्हा पुन्हा वर यावंच लागेल.

यावर उपाय सोपा आहे. त्यांना फुप्फुसं द्या आणि कातडी जोडीला ठेवा. मात्र बेडकाला छातीचा भाता नसतो. तो गळा खालीवर करून हवा आत ढकलतो. अशा माणसांचा गळा बोलत नसतानाही सतत हलत राहील. घास गिळताना बेडकाचे डोळे आत ओढले जातात आणि घास खाली ढकलायला मदत करतात. दोन वाक्यांत हे एकदा दाखवलं की पंगतीचा सगळा प्रसंग परका वाटू लागतो.

मग कपड्यांचा विचार करा. अंग झाकणं म्हणजे नाक दाबणं. या लोकांत अंगभर कापड गुंडाळणं ही शिक्षा असू शकते किंवा प्रेताची रीत. दागिना सुटा, लोंबता हवा. पाहुण्याला आधी अंगावर ओतायला स्वच्छ पाणी द्यायचं, हा आतिथ्याचा पहिला नियम होईल. साबण, चुना, राख, तंबाखूचं पाणी या वस्तू त्यांच्यासाठी विषासमान, त्यामुळे नदीच्या वरच्या अंगाला कातडी कमावणारं गाव वसलं की खालच्या अंगाला युद्धाची तयारी सुरू होईल. शेजाऱ्यांशी भांडण कशावरून लावायचं, हा प्रश्न मग उरत नाही.

जपानी लोककथांतला कप्पा इथे बघण्यासारखा आहे. त्याच्या डोक्यावर खोलगट जागा असते आणि तिच्यातल्या पाण्यात त्याचं बळ असतं. तो शिष्टाचाराचा पक्का, म्हणून कुणी वाकून नमस्कार केला की तोही वाकतो आणि पाणी सांडतं. शरीरातल्या एका गोष्टीने त्याचा स्वभाव, त्याचा कमकुवतपणा आणि त्याची कथा तिन्ही घडवली.

त्यांना समुद्रात वसवणे

पाणी म्हटलं की लेखकाच्या मनात समुद्र येतो. पण उघड्या समुद्रात राहणारा एकही बेडूक नाही. खारं पाणी कातडीतून अंगातलं पाणी ओढून घेतं. आग्नेय आशियातला खेकडेखाऊ बेडूक खारफुटीत टिकतो, तो रक्तात युरिया साठवून. तोही किनारा सोडून आत जात नाही.

समुद्रच हवा असेल तर युरियाची ही युक्ती वापरा आणि तिची किंमतही दाखवा. खाडीतल्या कुळांना गोड्या पाण्यातले लोक वेगळ्या वासाचे म्हणतील, त्यांच्यात सोयरीक जुळणं अवघड होईल. नाहीतर समुद्राला सीमा माना. आपल्याकडे मीठ निष्ठेची खूण आहे, त्यांच्या उंबऱ्यावर कुणी मीठ टाकलं तर ती हत्येची धमकी असेल. मिठाने भरलेली एक होडी त्यांच्या तळ्याकडे निघाली आहे, एवढ्यावर अख्खं प्रकरण उभं राहतं.

बालपण गाळून टाकणे

मला सगळ्यांत जास्त खटकते ती ही चूक. शरीर उभयचराचं आणि बाळ मात्र माणसाचं, असं लिहिलं की हातातली सर्वांत मोठी गोष्ट फुकट जाते.

टॅडपोलला, म्हणजे बेडकाच्या पाण्यातल्या पिल्लाला, कल्ले असतात, शेपूट असते, आणि बहुतेक जातींत तो शेवाळ खरवडून खातो. त्यासाठी त्याचं आतडं लांबलचक, गुंडाळलेलं असतं. थायरॉइडचा स्राव वाढला की सगळं मोडून पुन्हा बांधलं जातं. पाय फुटतात, कल्ले जातात, जबडा रुंदावतो, आतडं आखूड होतं आणि शाकाहारी जीव शिकारी बनतो. या काळात त्याला धड खाता येत नाही, शेपूट अंगात जिरते आणि तिच्यावरच तो तगतो. धड पोहताही येत नाही आणि उडीही मारता येत नाही, म्हणून शत्रू त्याला सहज उचलतात.

आता हे एखाद्या गावात कल्पून पाहा. मूल माणूस कधी होतं? नाव कधी ठेवायचं, पुढचे पाय फुटल्यावर की शेपूट जिरल्यावर? शेपूट असलेल्याला मारणं खून आहे का? रूपांतराच्या त्या उपाशी, असहाय दिवसांत पहारा कोण देतं? माझ्या मते कुठल्याही उभयचर संस्कृतीतला सर्वांत मोठा सण याच पहाऱ्याचा असायला हवा.

पाण्यातलं आठवतं का, हा पुढचा प्रश्न. उत्तर अमेरिकेतल्या वनबेडकांवरच्या प्रयोगांत असं दिसलं की अंड्यात असताना ओळखीचा झालेला वास रूपांतरानंतरही लक्षात राहतो. म्हणजे मोठेपणी चेहरे आठवणार नाहीत, पण तळ्याचा वास आठवेल. घरापासून तुटलेल्या नायकाला आपलं जन्माचं पाणी वासावरून सापडावं, याला इतका पक्का आधार असताना गळ्यातला ताईत किंवा खांद्यावरची जन्मखूण कशाला हवी?

आणखी एक अवघड गोष्ट आहे. काही बेडकांच्या डबक्यात सगळी पिल्लं सारखी नसतात. अमेरिकेतल्या कुदळपाय्या बेडकांत काही टॅडपोल मोठ्या जबड्याचे होतात आणि इतर टॅडपोलना खातात, पण शक्य तिथे सख्ख्या भावंडांना वगळतात. अशा तळ्यातून वाचून वर आलेल्या पिढीच्या मनात काय असेल? ते त्याबद्दल बोलतील की तो विषय काढणंच निषिद्ध असेल? इथे घाई करू नका, या एका प्रश्नावर कादंबरी होऊ शकते.

अंडी कुठे आणि कशी, यावर कुटुंब ठरतं. इथे पर्याय भरपूर आहेत. सह्याद्रीतल्या कित्येक झुडपी बेडकांत टॅडपोल हा टप्पाच नसतो, जमिनीवरच्या किंवा पानावरच्या अंड्यातून थेट इवलासा बेडूक बाहेर येतो. आंबोलीला पावसाळ्यात दिसणारा मलबारी उडता बेडूक पाण्यावर झुकलेल्या पानांत फेसाचं घरटं करतो आणि पिल्लं खाली पाण्यात पडतात. चिली-अर्जेंटिनातल्या डार्विनच्या बेडकात बाप पिल्लांना आपल्या गळ्यातल्या स्वरपिशवीत वाढवतो. मध्य अमेरिकेतली एक विषारी बेडकीण एकेका पिल्लाला पाठीवर घेऊन झाडावरच्या पानांच्या पेल्यातल्या पाण्यात सोडते आणि आपली निष्फळ अंडी त्याला खाऊ घालते. केनियातल्या एका देवगांडुळाची पिल्लं आईच्या अंगावरची पोसलेली कातडी खरवडून खातात.

हे सगळं एकाच जमातीत कोंबू नका, एकच निवडा. बापाच्या गळ्यात मुलं वाढत असतील तर त्या काळात बाप गाऊ शकत नाही, आणि गाणं ही त्यांची प्रतिष्ठा असेल तर बापपण म्हणजे मौनव्रत. हजारो अंडी एका सामाईक तळ्यात सोडली जात असतील तर वारसाहक्क रक्तावर चालणार नाही, तळ्यावर चालेल. थेट बेडूक जन्मत असेल तर तळं लागतच नाही, आणि अशी जमात डोंगरात पसरून राहील.

थंड रक्ताला थंड मन समजणे

थंड रक्ताचा प्राणी म्हणजे भावनाशून्य प्राणी नव्हे. त्याच्या अंगाची ऊब भोवतालावर अवलंबून असते, एवढाच त्याचा अर्थ. खरा प्रश्न मेंदूचा आहे. माणसाचा मेंदू विसावलेल्या शरीराची सुमारे २० टक्के ऊर्जा खातो. थंडावलेलं शरीर ती कुठून आणणार? त्यामुळे विचार ऋतूला बांधला जाईल. पहाटे कुणी करारावर सही करणार नाही, न्यायनिवाडा दुपारी होईल, गरम झऱ्यांवर राजधानी असेल.

आणि झोप. केरळ-तमिळनाडूतल्या पश्चिम घाटातला जांभळा बेडूक २००३ साली शास्त्राला माहीत झाला. तो वर्षाचा बहुतेक काळ जमिनीखाली असतो आणि पहिल्या पावसाच्या सुमारास विणीसाठी थोडेच दिवस वर येतो. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातलं मंडूकसूक्त वर्षभर निजून पर्जन्याने बोलते झालेल्या बेडकांची तुलना व्रतस्थ ब्राह्मणांशी करतं. अर्धं वर्ष झोपणाऱ्या जमातीत त्या काळात धान्य कोण राखतं, शत्रू आला तर कोण जागं होतं, कर्जावर झोपेतलं व्याज चढतं का? जागे राहणाऱ्यांचा एक वर्ग असेल, आणि त्याच्याकडे किती सत्ता साचेल ते पाहा.

थोडक्यात सुधारता येणाऱ्या गोष्टी

विष: दक्षिण आणि मध्य अमेरिकेतल्या विषारी बेडकांचं विष खाण्यातल्या मुंग्या आणि कोळीकिड्यांतून येतं. बंदिवासात वाढलेले बेडूक निरुपद्रवी असतात. तेव्हा तुमच्या विषारी योद्ध्याला परक्या देशात तीच धार जन्मभर ठेवू नका.

तुटलेला हात: ॲक्सोलॉटल या मेक्सिकोतल्या सॅलमँडरचा पाय पुन्हा उगवतो, पण त्याला आठवडे लागतात, आणि प्रौढ बेडकाला हे जमत नाही. लढाईच्या त्याच संध्याकाळी नवा हात दाखवायचा असेल तर जादू म्हणा, जीवशास्त्र म्हणू नका.

भाषा: हवेतला आवाज पाण्यात फारसा शिरत नाही, पाण्यातला बाहेर येत नाही. त्यांना दोन बोल्या लागतील. धबधब्याजवळ दोन्ही बुडतात. पश्चिम घाटातले नाचरे बेडूक तिथे मागचा पाय ताणून, बोटं पसरून खूण करतात. पायांची भाषा अजून फारशी कुणी लिहिलेली नाही.

दलदलीतले रानटी

पाणथळ जागेत राहणारे म्हणजे मागासलेले, घाणेरडे, भाला घेऊन चिखलातून उठणारे. हा साचा आळशी आहे आणि अन्यायकारकही. दक्षिण इराकच्या दलदलीत लोक निव्वळ बोरूच्या जुड्यांतून कमानदार सभागृहं बांधतात. १९९०च्या दशकात सरकारने त्या दलदली मुद्दाम कोरड्या पाडल्या आणि ती माणसं उखडली गेली. मेक्सिकोतल्या शोचिमिल्कोला तळ्यात गाळाचे वाफे उचलून शेती केली जाते, आणि त्याच कालव्यांत ॲक्सोलॉटल शेवटचे श्वास मोजतो आहे. केरळातलं कुट्टनाड समुद्रसपाटीखाली भात पिकवतं. पाण्यात वसलेली संस्कृती कशी दिसते ते इथे शोधा. धातू वितळवायला विस्तव लागतो आणि धूर ओल्या कातडीला सोसत नाही. तेव्हा तुमच्या लोकांची विद्या विणकामात, गाळाच्या शेतीत आणि पाण्याच्या वाटा वळवण्यात असू द्या. लोखंड ते विकत घेतील, आणि त्यासाठी काय विकावं लागतं तेही लिहा.

कथा लिहून झाली असेल तर

सगळं फाडून टाकायची गरज नाही. महाभारताच्या वनपर्वात इक्ष्वाकू कुळातल्या परीक्षित राजाची गोष्ट आहे. वनात भेटलेली सुशोभना त्याच्याशी लग्न करते, अट एकच: मला पाणी दाखवायचं नाही. एके दिवशी बागेतल्या तळ्यात ती उतरते आणि नाहीशी होते. चिडलेला राजा बेडकांचा संहार आरंभतो आणि शेवटी मंडूकराज आयू तपस्व्याच्या वेषात येऊन सांगतो की ती माझी मुलगी. सुशोभनाच्या रूपाचं वर्णन बदललं तरी चालेल, पाण्याची अट काढली तर काहीच उरत नाही.

तुमच्या हस्तलिखितात अशी एक अट घाला आणि तिचा धागा प्रत्येक प्रसंगातून ओढा. आधी प्रवासाचे प्रसंग तपासा, कारण ओली कातडी तिथेच विसरली जाते: दिवसाला किती पाणी लागतं, ते कोण वाहतं, संपलं तर कुणाला आधी देतात. मग जेवणाचे, मग जन्माचे आणि शेवटी लढाईचे. ज्या प्रसंगात पात्राच्या जागी साधा माणूस ठेवला तरी एक शब्द बदलावा लागत नाही, तो प्रसंग पुन्हा लिहायला घ्या.