दुसरा गिटार ॲम्प म्हणून हायब्रिड घेताय? मग आधी हे बघा

पहिल्यांदा स्वतःलाच विचारा, घरातला ॲम्प नेमका कुठं अडतोय. लै जण हा प्रश्न न विचारताच दुकानात जातात, खोक्यावर ट्यूब (जुन्या रेडिओत असायचा तसला व्हॉल्व्ह) लिहिलेलं दिसलं की खूश, आणि घरी येऊन कळतं की आहे त्याच आवाजाचा अजून एक डबा आणलाय. कोणाकडं वीस-पंचवीस किलोचा ट्यूब कॉम्बो (ॲम्प आणि स्पीकर एकाच खोक्यात) असतो, आवाज झकास, पण तो घेऊन लातूरहून एसटीनं जायचं किंवा देवगिरी एक्सप्रेसच्या स्लीपरमधे सीटखाली कोंबायचा म्हणजे कठीण काम. कोणाकडं दहा वॉटचा प्रॅक्टिस ॲम्प, ड्रमवाल्यानं दोन काठ्या मारल्या की गिटार गायब. आणि काही जणांना फक्त बॅकअप पाहिजे असतो, गॅदरिंगच्या दिवशी पहिला बंद पडला तर हात हलवत बसायला नको म्हणून. तिघांनाही हायब्रिड चालेल पण एकच हायब्रिड तिघांना चालणार नाही.

हायब्रिड म्हणजे अर्धं ट्यूब, अर्धं ट्रान्झिस्टर, इतकं सगळ्यांना माहीत असतं. पुढचा प्रश्न कोणी विचारत नाही, की ट्यूब कुठल्या अर्ध्यात आहे? पुढचा अर्धा प्रीॲम्प, तो आवाजाचा पोत ठरवतो, आणि मागचा पॉवर ॲम्प, तो आवाज मोठा करून स्पीकरला देतो. बहुतेक मॉडेलमधे प्रीॲम्पमधे एक १२एएक्स७ नावाची ट्यूब असते (हिलाच ईसीसी८३ म्हणतात) आणि पॉवर ॲम्प साध्या ट्रान्झिस्टरचा नाहीतर क्लास डीचा, म्हणजे ट्रान्झिस्टरचाच हलका प्रकार. मार्शलची १९९१ ची व्हॉल्वस्टेट सिरीज अशीच, ८०८० कॉम्बोत एक ट्यूब आणि ८० वॉटचा ट्रान्झिस्टर पॉवर ॲम्प, आणि डेथ या मेटल बँडचा गिटारवाला चक शुल्डिनर व्हॉल्वस्टेटच वाजवायचा, त्यामुळं हायब्रिड म्हणजे हलकं प्रकरण असं म्हणणाऱ्यांकडं फार लक्ष देऊ नका. ऑरेंजचा मायक्रो टेरर, मायक्रो डार्क हेही याच घरातले, २० वॉट आणि वजन एक किलोच्या आत.

दुसरा प्रकार याच्या बरोब्बर उलटा. प्रीॲम्प ट्रान्झिस्टरचा आणि पॉवरला ट्यूब. सत्तरच्या दशकात म्युझिक मॅनचे ॲम्प असे यायचे, लिओ फेंडर त्या कंपनीत होता. याच वाटेवर पुढं फेंडरचा सुपर चॅम्प एक्स२ आला, पुढं डिजिटल मॉडेलिंग (दुसऱ्या ॲम्पच्या आवाजाची नक्कल) आणि मागं दोन ६व्ही६ पॉवर ट्यूब, १५ वॉट. तिसरा प्रकार व्हॉक्सच्या व्हॉल्वट्रॉनिक्सचा, मॉडेलिंग आणि सोबतीला एक १२एएक्स७.

आपल्याकडं, म्हणजे मराठवाड्यात राहून दुसरा ॲम्प घ्यायचा असेल तर माझं मत सरळ आहे, ट्यूब पुढं आणि ट्रान्झिस्टर मागं असलेला घ्या. कामून ते सांगतो. पॉवर ट्यूब झिजतात, बदलायला लागतात, बऱ्याच ॲम्पमधे बदलल्यावर बायस (ट्यूबमधून किती करंट वाहायचा ते) सेट करावा लागतो आणि ते काम नीट येणारा माणूस परभणी-हिंगोलीत शोधायला जाल तर रेडिओ-टीव्ही रिपेअरवाला काका भेटेल, तो हुशार असतो यात वाद नाही पण गिटार ॲम्पचा बायस त्यानं किती वेळा केलाय हे विचारून घ्या. प्रीॲम्पची ट्यूब वर्षानुवर्षं चालते आणि गेलीच तर नऊ पिनांची, ॲम्प बंद करून गार झाल्यावर जुनी काढा नवी बसवा, बायसची भानगड नाही. सॉकेट वरून हाताला येतं का तेवढं आधी बघून घ्या. पॉवर ट्यूबवाल्या ॲम्पच्या आत मात्र हात घालू नका, प्लग काढल्यावरसुद्धा कपॅसिटरमधे जीवघेणं व्होल्टेज राहतं.

दुसरं कारण लाईट. रब्बीत मोटारी सुरू झाल्या की संध्याकाळी गावात व्होल्टेज किती पडतं हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. जुन्या पद्धतीच्या ट्रान्सफॉर्मरवर चालणारा ट्यूब ॲम्प २३० च्या जागी १८० मिळाले की मलूल होतो, ट्यूबचं हीटरही कमी तापतं आणि आतलं मोठं व्होल्टेजही खाली येतं. लहान हायब्रिड हेड (म्हणजे स्पीकर नसलेला नुसता ॲम्प) बऱ्याचदा लॅपटॉपसारख्या ॲडॉप्टरवर चालतात. त्या ॲडॉप्टरवर इनपुट १०० ते २४० व्होल्ट लिहिलंय का ते डोळ्यानं वाचा, लिहिलं असेल तर १८० काय, दीडशेलाही तो आत पाहिजे तेवढेच व्होल्ट देतो. इन्व्हर्टरवरही असले हेड निवांत चालतात. फक्त इन्व्हर्टर साईन वेव्हचा असू द्या, स्क्वेअर वेव्हवाल्यावर स्पीकरमधून भणभण ऐकू येण्याची शक्यता जास्त. बाहेरच्या देशातून कोणी पाव्हणा घेऊन येणार असेल तर मागची प्लेट आधी व्हॉट्सॲपवर मागवा, अमेरिकेचा १२० व्होल्टचा ॲम्प आपल्या बोर्डात थेट लावला की खेळ खल्लास.

आता ट्यूबचा खरेपणा. काही स्वस्त ॲम्पमधे ट्यूब असते पण तिला इतकं कमी व्होल्टेज दिलेलं असतं की ती नावालाच. खऱ्या ट्यूब प्रीॲम्पमधे प्लेटवर दोनशे-तीनशे व्होल्टच्या आसपास असतात. वर तिच्या मागं नारिंगी एलईडी लावून ठेवतात, चमकतंय म्हणजे भारी असं वाटायला. कमी व्होल्टेजवर चालणारी ट्यूब वाईटच वाजते असंही नाही, काहींना तो जरा खरखरीत, दाबलेला आवाज आवडतो. म्हणून कागदावर भांडत बसू नका, कानानं बघा. स्वतःची गिटार न्या, दुकानातली नको. गेन (आवाज किती फुटायचा ते ठरवणारा नॉब) अर्ध्याच्या खाली ठेवा, पिक हळू मारा, मग जोरात मारा, मग गिटारचा व्हॉल्यूम दहावरून सहावर आणा. चांगल्या सर्किटमधे हळू वाजवल्यावर आवाज साफ होतो आणि जोरात मारल्यावर कडेला थोडा फुटतो. सगळीकडं एकसारखंच फुटत असेल तर तुमच्या पेडलवर आणि त्या ॲम्पवर काही फरक नाही, पैसे वाचवा. जास्त चॉईस बघायचा म्हणजे पुणं-मुंबई गाठावं लागतं हे खरंय, पण एवढी टेस्ट केल्याशिवाय हायब्रिड घेऊ नका.

व्हॉक्सच्या एमव्ही५० ची गोष्ट जरा वेगळी. त्यात नेहमीची ट्यूब नाही, न्यूट्यूब आहे, कॉर्ग आणि नोरिटाके इट्रॉननं मिळून केलेली, जुन्या डिस्प्लेच्या टेक्नॉलॉजीवर बनलेली चपटी वस्तू. हेडचं वजन ५४० ग्रॅम, गिटारच्या बॅगच्या खिशात बसतो. पण त्याच्या ५० वॉटला भुलू नका, ते ४ ओहमच्या कॅबिनेटवर (स्पीकरचं खोकं, थोडक्यात कॅब) आहेत. ८ ओहमला २५ आणि १६ ओहमला साडेबारा. आपल्याकडं कॅब बहुतेक ८ नाहीतर १६ चीच मिळते.

पण यातही घाबरायचं कारण नाही, वॉट निम्मे झाले म्हणजे आवाज निम्मा होत नाही. निम्मे वॉट म्हणजे फक्त ३ डेसिबल कमी, कानाला जेमतेम कळतं. दुप्पट मोठं वाटायला साधारण दहापट वॉट लागतात. म्हणून वॉटमागं पळण्यापेक्षा स्पीकर बघा. सेलेशन व्हिंटेज ३० या स्पीकरची सेन्सिटिव्हिटी (एका वॉटला किती आवाज देतो ते) १०० डेसिबल आहे, ९७ वाल्या स्पीकरच्या जागी तो लावला की वॉट डबल केल्यासारखंच झालं, तेही ॲम्पला हात न लावता. आणि हेड स्वस्तात मिळालं म्हणून नाचू नका, कॅब धरून हिशोब करा, कारण कॅबच बहुतेक वेळा हेडपेक्षा महाग पडते. घरी कॉम्बो असेल आणि त्याच्या स्पीकरची वायर मागून काढता येत असेल तर नवा हेड त्याच स्पीकरवर चालवता येतो, हा जुगाड दुसऱ्या ॲम्पसाठी बेस्ट आहे. फक्त तेव्हा जुना कॉम्बो चालू करायचा नाही.

ओहमचा नियम दोन्हीकडं वेगळा आहे आणि इथंच ॲम्प जळतात. ट्रान्झिस्टर पॉवरला मागं लिहिलेल्या कमीत कमी ओहमच्या खाली जायचं नाही, ८ लिहिलं असेल तर ४ ची कॅब लावायची नाही, १६ ची लावली तर चालते, फक्त आवाज थोडा कमी. पॉवरला ट्यूब असेल तर स्पीकर न लावता ॲम्प चालूच करायचा नाही, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो आणि तो या भावात परत मिळत नाही. स्पीकरला गिटारची केबल लावू नका, दिसायला सारखी असली तरी आत तार बारीक असते. दोन ॲम्पचे स्पीकर आउट एकाच कॅबमधे कधीच नाही.

ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्यांनी लाईन आउट, म्हणजे ॲम्पमधून थेट मिक्सरला जायची जागा, नीट बघावा. १४ एप्रिलच्या भीमगीतांच्या कार्यक्रमात नाहीतर नवरात्रात स्टेजवर कीबोर्ड, ऑक्टोपॅड, ढोलकी सगळे सरळ मिक्सरमधे असतात आणि साऊंडवाल्याकडं तुमच्या ॲम्पसमोर लावायला एक्स्ट्रा माईक असेलच असं नाही. लाईन आउटमधे कॅबिनेटचं सिम्युलेशन (स्पीकरमधून आल्यासारखा आवाज) असलं पाहिजे, नाहीतर डिस्टॉर्शन मिक्सरमधून डब्यात कोंडलेल्या माशीसारखं ऐकू येतं. मायक्रो डार्कच्या हेडफोन आउटला ते आहे आणि इफेक्ट्स लूपही आहे, म्हणजे प्रीॲम्प आणि पॉवर ॲम्पच्या मधे पेडल जोडायची जागा. डिले-रिव्हर्ब वापरत असाल तर लूप बघाच, डिले फुटलेल्या आवाजाच्या आधी लागला की सगळा चिखल होतो.

दोन्ही ॲम्प एकत्र वाजवायची हौस असेल, आणि दुसरा आला की ती होतेच, तर एबीवाय बॉक्स (एक गिटार दोन ॲम्पला पाठवणारा) घेताना एका आउटपुटला ट्रान्सफॉर्मर आयसोलेशन आणि फेज पलटायचं बटण असलेला घ्या. साध्या बॉक्सनं दोन्ही ॲम्पचे अर्थ एकमेकांत जुळून ग्राउंड लूप तयार होतो आणि घूंऽऽ चालू. मग कोणीतरी शहाणा एका ॲम्पची अर्थची पिन तोडायला सांगतो. अजिबात तोडू नका, मंडपातल्या जनरेटरवर, तारा हातात आणि ओठ माईकला, तिथं जो झटका बसतो त्यात माणसं गेलीत. गावाकडच्या दोन पिनच्या बोर्डासाठीही पिन कापायची नाही, अर्थिंगवाला एक्सटेन्शन बोर्ड सोबत ठेवा. दोन्ही लावल्यावर आवाज जाड व्हायच्या ऐवजी पातळ झाला, बास गायब झाला, तर फेज उलटी आहे, बटण दाबा. फेज पलटूनही पोकळ वाटत असेल आणि एक ॲम्प डिजिटल मॉडेलिंगचा असेल तर तो दोन-तीन मिलिसेकंद मागं पडत असणार, त्याला बटणानं इलाज नाही. म्हणून पहिला ॲम्प साधा ट्यूबचा असेल तर दुसरा मॉडेलिंगवाला घेऊ नका, ॲनालॉग हायब्रिड घ्या.

जुना घेत असाल, ओएलएक्सवरून वगैरे, तर चालू करून किमान वीस मिनिटं वाजवा, तापल्यावरच खरं कळतं. उन्हाळ्यात दुपारी बघायला मिळाला तर उत्तम, ४२ डिग्रीत टिकला म्हणजे टिकला. गिटारचा व्हॉल्यूम शून्य करून गेन वाढवा, सूंऽऽ आवाज थोडा येणारच, पण भणभण नको. ट्यूब वरून दिसत असेल तर पेन्सिलीनं हलकी टकटक करा, स्पीकरमधून घंटी वाजल्यासारखं आलं तर ट्यूब मायक्रोफोनिक झालीय, म्हणजे भाव करायला जागा आहे. नॉब फिरवताना खरखरले तर घाबरू नका, आपल्याकडच्या धुळीत ते होतंच, कॉन्टॅक्ट क्लीनरनं जातं. आणि ॲडॉप्टर ओरिजिनल आहे का ते विचारा, नसेल तर व्होल्ट, ॲम्पिअर आणि पिनची पोलॅरिटी तिन्ही जुळवूनच दुसरा लावा, नुसती पिन बसली म्हणून लावू नका.