आधी फॉर्मॅलिनची बादली बघा

आफ्रिकी वंशाच्या स्त्रियांमधल्या आक्रमक स्तनकर्करोगावर काम करणाऱ्या एखाद्या लॅबमध्ये तुम्ही नुकतेच रुजू झाला असाल, तर पहिल्याच आठवड्यात तुमच्या हातात एक एक्सेल शीट पडेल. डावीकडे घाना, नायजेरिया, इथिओपिया, उजवीकडे नमुन्यांचे रिकामे रकाने. आणि तुम्ही विचाराल, "नमुने कधी येणार?" मीही हेच विचारलं होतं. मी मूळची मिरजेची, हिस्टोपॅथॉलॉजीची, म्हणजे काढलेल्या गाठी सूक्ष्मदर्शकाखाली तपासण्यासाठी तयार करणारी टेक्निशियन. आता डेट्रॉइटजवळ एका बायोबँकेचं, म्हणजे रुग्णांचे नमुने जपून ठेवणाऱ्या संग्रहाचं काम बघते. घानातल्या एका मोठ्या रुग्णालयाबरोबर आमचं काम चालतं, त्यामुळे तिकडे जाणं-येणं असतं. अमेरिकेतल्या अशा लॅबमध्ये मराठी मुलं-मुली मला बरीच भेटतात आणि सगळी हुशार असतात, पण नमुना कुठून आणि कसा निघाला हे फार थोड्यांनी पाहिलेलं असतं. म्हणून हे लिहिते आहे. सीक्वेन्सिंग, म्हणजे जनुकांचं वाचन, कसं करायचं ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं येतं. त्याआधीचं मी सांगते.

प्रश्न नीट समजून घ्या

अमेरिकेत कृष्णवर्णीय स्त्रियांना स्तनाचा कर्करोग गोऱ्या स्त्रियांपेक्षा किंचित कमीच होतो, पण त्याने मरण्याचं प्रमाण मात्र सुमारे ४० टक्क्यांनी जास्त आहे. गरिबी, विमा, उशिरा मिळणारे उपचार ही कारणं खरीच आहेत. त्यांच्या जोडीला आणखी एक गोष्ट दिसते. ज्यात ईआर, पीआर (इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या हार्मोनचे) आणि हर-टू हे तीनही रिसेप्टर, म्हणजे पेशीला वाढीचा संकेत देणारी प्रथिनं, सापडत नाहीत तो ट्रिपल निगेटिव्ह प्रकार त्यांच्यात जवळपास दुप्पट आढळतो, आणि तोही तरुण वयात. त्यावर हार्मोन रोखणारी गोळी चालत नाही.

मग प्रश्न येतो की यातलं काही पूर्वजांकडून आलं आहे का? सर्जन लिसा न्यूमन यांनी मिशिगन विद्यापीठात असताना २००४ पासून घानातल्या कुमासी इथल्या कोम्फो अनोक्ये टीचिंग हॉस्पिटलबरोबर काम सुरू केलं, ते याच प्रश्नासाठी. त्याच्याही आधी, १९९८ मध्ये, नायजेरियातल्या इबादानच्या युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलमध्ये नायजेरियन ब्रेस्ट कॅन्सर स्टडी सुरू झाला होता. शिकागो विद्यापीठाच्या डॉ. ओलुफुन्मिलायो ओलोपाडे यांचं ते काम. त्या स्वतः इबादानच्याच विद्यार्थिनी.

मिशिगन-कुमासी गटाचा २०१० चा निबंध सगळे उद्धृत करतात. ट्रिपल निगेटिव्हचं प्रमाण घानातल्या रुग्णांत ८२ टक्के, आफ्रिकी-अमेरिकींत २६ आणि गोऱ्या अमेरिकींत १६. उतरंड इतकी सुबक की लगेच विश्वास बसतो. पण घानातल्या रुग्ण किती होत्या, तेही वाचा. ७५. पुढे नमुने वाढले तसा घानाचा आकडा निम्म्याच्या थोडा वर येऊन थांबला. तोही जास्तच आहे, पण ८२ आणि ५३-५४ यांत केवढा फरक आहे! त्याच वेळी इथिओपियातल्या रुग्णांशी तुलना झाली, तेव्हा तिथलं प्रमाण गोऱ्या अमेरिकी स्त्रियांच्या जवळपास निघालं.

म्हणून पहिली सूचना: तुमच्या शीटमध्ये "आफ्रिकी" असा एकच रकाना असेल तर तो आजच काढून टाका. गुलामांची जहाजं घानातल्या एल्मिना, केप कोस्ट अशा पश्चिम किनाऱ्यावरच्या किल्ल्यांमधून सुटली. डेट्रॉइटमधल्या स्त्रीचं नातं घाना-नायजेरियाशी जास्त आणि इथिओपियातल्या अदिस अबाबाशी कमी लागतं, ते त्यामुळे. पश्चिम आफ्रिकेत जवळजवळ सगळ्यांकडे असलेला डफी-नल हा जनुकीय बदल व्हायवॅक्स मलेरियापासून वाचवतो. त्याचा ट्रिपल निगेटिव्हशी संबंध दिसतो, हे न्यूमन आणि जनुकशास्त्रज्ञ मेलिसा डेव्हिस यांच्या गटाने दाखवलं. म्हणून जन्मगाव, आई-वडिलांचं आणि आजी-आजोबांचं गाव, घरात बोलली जाणारी भाषा, एवढं तरी विचारा. वय विसरू नका. घानाची लोकसंख्याच तरुण आहे, त्यामुळे रुग्णही तरुण दिसणार. वय जुळवल्याशिवाय केलेली तुलना मी तरी ग्राह्य धरत नाही.

आता बादली

हे माझं जिव्हाळ्याचं, म्हणून इथे थांबते.

माझ्या मावशीचं स्तनाचं ऑपरेशन आमच्याकडे एका गावात झालं. रिपोर्ट आला, "ईआर निगेटिव्ह". म्हणजे टॅमॉक्सिफेन, ती हार्मोन रोखणारी गोळी, द्यायची नाही. दीड वर्षाने आजार उलटला. तेव्हा मी हिस्टोपॅथॉलॉजी शिकत होते, म्हणून घरच्यांनी जुने ब्लॉक (मेणात बसवलेले गाठीचे तुकडे) मिळवून माझ्या सरांना दाखवायला सांगितलं. स्तनाच्या गाठीचा ब्लॉक पुन्हा निगेटिव्ह आला. पण त्याच ऑपरेशनमधल्या काखेतल्या एका लहानशा लिम्फ नोडमध्ये (लसिका ग्रंथीत) त्याच कर्करोगाच्या पेशी होत्या, आणि ईआर दाखवणारा रंग दिल्यावर त्या पेशींची केंद्रकं गडद तपकिरी झाली. ईआर पॉझिटिव्ह! आख्खा स्तन न कापता छोट्या डब्यात कोंबला होता. फॉर्मॅलिन, म्हणजे नमुना कुजू न देणारं द्रावण, तासाला जेमतेम एक मिलिमीटर आत शिरतं. ते गाठीपर्यंत पोचेस्तोवर आतलं सगळं कुजायला लागलं होतं. नोड वाटाण्याएवढा, तो वाचला. दीड वर्ष जी स्वस्त गोळी मिळायला हवी होती ती मावशीला मिळाली नाही.

तेव्हापासून "निगेटिव्ह" हा शब्द मी सहज वाचू शकत नाही. आणि आफ्रिकेतले जुने आकडे वाचताना हीच शंका घेतली पाहिजे. तिथल्या अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला तेव्हा असंच दिसलं की कपाटातले जुने ब्लॉक वापरले की ईआर पॉझिटिव्हचं प्रमाण कमी येतं आणि ताजे नमुने नीट जपून तपासले की वाढतं. म्हणजे ज्याला आपण वंशाचा गुण म्हणतो, त्यातला काही भाग बादलीचा दोष असू शकतो.

तर पहिल्या भेटीत काय बघायचं? मीटिंग रूममध्ये बसू नका. ऑपरेशन थिएटरच्या सिस्टरला विचारून, परवानगी घेऊन, एका नमुन्यामागे चालत जा. टेबलावरून निघाला किती वाजता, फॉर्मॅलिनमध्ये पडला किती वाजता, लॅबमध्ये पोचला कधी. नियम सोपा आहे: गाठ काढल्यापासून तासाच्या आत फॉर्मॅलिन, आणि फॉर्मॅलिनमध्ये किमान ६, जास्तीत जास्त ७२ तास. मोठा नमुना असेल तर पाच ते दहा मिलिमीटरच्या चकत्या पाडूनच ठेवायचा, आणि फॉर्मॅलिन नमुन्याच्या निदान दहापट.

फॉर्मॅलिन कुठलं, हेही बघा. नळाच्या पाण्यात मिसळलेलं फॉर्मॅलिन ठेवल्या ठेवल्या आम्ल होत जातं आणि डीएनए-आरएनएची वाट लावतं. बफर, म्हणजे आम्लता वाढू न देणारे क्षार, लागतो. एक लिटरला: तयार द्रावण (३७ ते ४० टक्के फॉर्मॅल्डिहाइड) १०० मिलिलिटर, डिस्टिल्ड पाणी ९०० मिलिलिटर, सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट मोनोहायड्रेट ४ ग्रॅम, निर्जल डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट साडेसहा ग्रॅम. हे दोन क्षार काही महाग नाहीत. आमच्या प्रकल्पात पहिल्या वर्षी सगळ्यात उपयोगी पडलेली खरेदी म्हणजे हे क्षार, एक साधा वजनकाटा आणि थिएटरच्या भिंतीवर लावायला एक मोठं घड्याळ. लेबलवर दोन वेळा लिहायच्या, काढल्याची आणि बुडवल्याची, त्याही शिसपेन्सिलीने. पेनाची शाई अल्कोहोलमध्ये धुऊन जाते.

शुक्रवारचा हिशेब वेगळा करा. शुक्रवारी दुपारी चारला बुडवलेला तुकडा सोमवारी संध्याकाळी सहाला प्रोसेसरला (मेणात बसवण्याआधीच्या मशीनला) लागला तर ७४ तास झाले. यावर उपाय दोन: शनिवारी कोणीतरी यायचं आणि त्याचे पैसे प्रकल्पाने द्यायचे, नाहीतर स्तनाच्या शस्त्रक्रिया आठवड्याच्या सुरुवातीला ठेवण्याची विनंती करायची. दुसरं त्यांच्या हातात असतं, आपण हट्ट करायचा नाही.

आणि स्लाइड वाचताना गाठीच्या शेजारची निरोगी दूधनलिका शोधा. तिच्या काही पेशी ईआरला तपकिरी व्हायलाच हव्यात. त्या झाल्या नसतील तर रिपोर्ट "निगेटिव्ह" नाही, तपासणी फसली आहे. दुसरा ब्लॉक घ्या. आमच्या शीटमध्ये यासाठी वेगळा रकाना आहे, आणि तो रिकामा असलेला नमुना आम्ही मोजतच नाही. गाठीतल्या एक टक्का पेशी जरी रंगल्या तरी ती पॉझिटिव्ह धरायची, हेही टेक्निशियनला कळलेलं असू द्या, फक्त डॉक्टरांना नको.

संमती

घानात माझ्याबरोबर बसणाऱ्या सिस्टर मला आंटी म्हणतात, मी त्यांना सिस्टर. इंग्रजीतला सहा पानी फॉर्म मी त्यांना दिला तेव्हा त्यांनी तो बाजूला ठेवला आणि विचारलं, "आंटी, तुमच्या गावात हे बाईला कसं सांगाल?" मला आठवलं, आमच्याकडे कोणी कॅन्सर म्हणत नाही, "गाठ आहे" म्हणतात. तिथल्या ट्वी भाषेत कॅन्सरला कोकोराम हा शब्द आहे, पण तो ऐकला की बाई पुढचं ऐकतच नाही, असं त्या म्हणाल्या. मग आम्ही क्रम बदलला. आधी गाठीबद्दल, मग उपचाराबद्दल, मग "तुमच्या गाठीचा एक तुकडा शिकण्यासाठी ठेवू का" आणि शेवटी तो परदेशी जाणार हे. ट्वीतला मजकूर एकाने लिहायचा आणि दुसऱ्याने, मूळ न बघता, पुन्हा इंग्रजीत आणायचा. फरक दिसतील तिथे थांबायचं.

जनुकीय तपासणी असेल तर एक प्रश्न टाळू नका: काही सापडलं तर सांगायचं का, आणि कोणाला? इबादानच्या अभ्यासात ११३६ रुग्णांपैकी ७ टक्क्यांमध्ये बीआरसीए-१ आणि ४ टक्क्यांमध्ये बीआरसीए-२ या, आईवडिलांकडून येणाऱ्या जनुकांमधले घातक बदल सापडले. म्हणजे ही गोष्ट बहिणींची आणि लेकींचीही आहे. पुन्हा संपर्क कसा करायचा ते त्याच दिवशी ठरवा. फोन नंबर बदलतात, म्हणून चर्चची किंवा शेजारणीची ओळख लिहून घ्या, अर्थात तिच्या परवानगीने.

कागद आणि प्रवास

नैतिक समितीची मंजुरी दोन्हीकडे लागते. तिकडच्या समितीला शिक्का मारणारं कार्यालय समजू नका. कुमासीत विद्यापीठ आणि रुग्णालयाची मिळून समिती आहे आणि ती बारकाईने वाचते. नमुने देण्याच्या करारात तीन गोष्टी असतीलच याची खात्री करा: ब्लॉक कोणाचा, उरलेला परत कधी येणार, आणि नवा प्रश्न सुचला तर पुन्हा विचारायचं की नाही. माझं मत स्पष्ट आहे, ब्लॉक रुग्णाच्या गावीच राहिला पाहिजे. आपल्याला बहुतेक वेळा गाठीतून काढलेली सुईएवढी कोर (बारीक दंडगोल तुकडा) किंवा थोडे सेक्शन (पातळ काप) पुरतात. पुढे त्या बाईला उपचारासाठी तो ब्लॉक लागला आणि तो मिशिगनच्या कपाटात असला तर काय सांगणार तिला?

मेणाचे ब्लॉक पाठवणं सोपं, फक्त उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका, थंड पेटी वापरा. गोठवलेल्या नमुन्यांना मात्र जैविक नमुन्यांसाठीचं यूएन ३३७३ चं लेबल, कोरडा बर्फ असेल तर त्याचं यूएन १८४५, आणि आधीपासून बोलून ठेवलेली कुरिअर कंपनी लागते. घानात वीज जाण्या-येण्याला दुमसोर म्हणतात, दुम म्हणजे बंद आणि सोर म्हणजे चालू. लोडशेडिंगमध्ये वाढलेल्या माणसाला समजावून सांगायला नको. उणे ८० चा फ्रीजर द्यायचा असेल तर जनरेटरचं डिझेल आणि दुरुस्तीचा माणूसही बजेटमध्ये धरा. तेवढे पैसे नसतील तर गोठवण्याचा नाद सोडा आणि मेणाचे ब्लॉक उत्तम करा.

रिपोर्ट परत

निबंधावर नावं कोणाची, हे पहिल्या नमुन्याआधी लिहून ठेवा. ज्या पॅथॉलॉजिस्टने दिवसभराच्या कामानंतर रात्री तुमच्या स्लाइड पाहिल्या त्याचं नाव आभारात टाकू नका, लेखकांत टाका. तिथली टेक्निशियन तीन महिने तुमच्याकडे शिकायला येणार असेल तर व्हिसाची तयारी वर्षभर आधी सुरू करा.

पण त्याहून आधी ईआर-पीआर-हर-टूचा निकाल. तो तुमचा डेटा असतो आणि तिचा उपचार. आमच्याकडे सुरुवातीला निकाल डेट्रॉइटमध्ये जमायचे आणि तिमाहीला एकदा पाठवले जायचे. त्या तीन महिन्यांत एखाद्या बाईची टॅमॉक्सिफेन थांबलेली असू शकते, हे मी मीटिंगमध्ये बोलले तेव्हा मला मावशीबद्दलही सांगावं लागलं. आता स्लाइड शक्यतो तिकडेच रंगवल्या आणि वाचल्या जातात, आम्ही फक्त ठरावीक संख्येच्या पुन्हा तपासतो. शीटमध्ये शेवटचा रकाना आहे, "रिपोर्ट फाइलला लागला, तारीख". तो भरला गेल्याशिवाय त्या नमुन्याचा जनुकीय डेटा आमच्या संगणकावर उघडत नाही. ही अट आमच्या सॉफ्टवेअरवाल्या मुलाने घातली, तो नाशिकचा. तुमच्याकडेही असा कोणी असेल, त्याला सांगा.