डिझेल की पेट्रोल: धूर कसा पारखायचा

कार्बन डायऑक्साइड आणि विषारी धूर हे दोन हिशेब वेगळे मांडा. लिटरभर डिझेल जळालं की सुमारे 2.7 किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, पेट्रोलचा 2.3 किलो. पण बघायचं किलोमीटरमागे: लिटरला 20 किलोमीटर देणारी डिझेल गाडी 135 ग्रॅम सोडते, 16 देणारी पेट्रोल गाडी सुमारे 144.

फुप्फुसांच्या हिशेबात मात्र जुनं, बिनफिल्टरचं (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर नसलेलं) डिझेल सरळ हरतं. फवारलेल्या इंधनाभोवती हवा कमी पडते तिथे काजळी धरते, आणि ज्योतीच्या प्रचंड उष्णतेत नायट्रोजन ऑक्साइड तयार होतात. काजळीचे बारीक कण फुप्फुसात खोलवर जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2012 साली डिझेलचा धूर कर्करोगकारक ठरवला.

पेट्रोलचा मोठा धोका कार्बन मोनॉक्साइड. त्याला वास नाही, म्हणून बंद गॅरेजमध्ये इंजिन कधीच चालू ठेवू नका, डिझेलचंही नाही. धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापेपर्यंत नीट काम करत नाही, त्यामुळे पहिल्या एकदोन मिनिटांचा धूर सर्वांत वाईट.

फिल्टर असलेली डिझेल गाडी तपासताना इंजिन थंड असू द्या आणि सायलेन्सरच्या तोंडात पांढरं फडकं फिरवा. दाट काळी काजळी लागली, तर फिल्टर तडकलाय किंवा काढून टाकलाय, असा संशय घ्या. रोजचा प्रवास चार-पाच किलोमीटरचाच असेल तर डिझेल घेऊच नका: काजळी जाळण्याइतका फिल्टर तापत नाही आणि तुंबतो.